मंत्रालयानं दक्षिण मुंबई सोडावी का?

खाडीपलीकडचा
नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत राज्य सरकारनं 1601 कोटींना घ्यायचं ठरवलं तेव्हाच मी हात टेकले. म्हणजे आता पुढची पन्नास वर्षं सरकार त्या चिंचोळ्या टोकावरून हलत नाही.

1965 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी स्पष्ट सांगितलं होतं: मुंबई नुसती उत्तरेकडे लांबतेय, खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्या आधी तिकडे न्या, बाकीचे मागोमाग येतील. 1970 मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबई वसली, तिथे बेलापूरला कोकण भवन हे सरकारी कार्यालयही आलं. मंत्रालय मात्र होतं तिथेच. वर त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे केले. यजमानच पंगतीला बसला नाही, तर पाहुणे कुठून येणार?

ओव्हलचा शेजारी
आणि मंत्रालय गेल्यावर त्या जागेवर बाग होईल असं वाटतं तुम्हाला? समुद्रासमोरची जागा आहे ती, साहेब! कोण येईल ते सांगायला ज्योतिषी नको.

फोर्ट-चर्चगेट भाग अजून जिवंत आहे तो तिथे रोज कामाला माणसं येतात म्हणून. जुनं सचिवालय घ्या. 1874 ची गॉथिक इमारत, आज त्यात शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. हायकोर्टापाशी फुटपाथवर झाडाखाली एक टंकलेखक काका बसतात. घडीचं टेबल, टाइपरायटरवर ऊन लागू नये म्हणून वर अडकवलेली छत्री, कागद उडू नयेत म्हणून त्यावर स्टॅम्प पॅडची डबी. मजकूर सांगणारा चुकला तर काका हात थांबवून चष्म्यावरून नुसते बघतात. कचेऱ्या उठल्या की हे सगळं उठलं. मग गोऱ्या साहेबाच्या कमानींचे फोटो काढत बसा.

खाडीपलीकडचा
अहो, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! सचिवालय त्या गॉथिक इमारतीतून 1955 मध्ये निघालं आणि हल्लीच्या मंत्रालयात आलं. म्हणून जुनी इमारत पडली का? कोर्ट आलं, चाललंय छान. शिवाय 1995 पासून मुंबईत हेरिटेजची नियमावली आहे, आणि ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती, पूर्वेची गॉथिक आणि पश्चिमेची आर्ट डेको, 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्या काही बिल्डरला आंदण मिळत नाहीत. आणि तुमचं ते हायकोर्ट? त्याचं नवं संकुल वांद्रे पूर्वेला होतंय. न्यायमूर्ती निघाले तर सचिवांना काय अडचण आहे?

फायलीतला माणूस
तीस वर्षं सरकारी नोकरी केली, म्हणून बोलतो. दोघंही इमारतींवर भांडताय. खरा प्रश्न एकत्र राहण्याचा आहे. जून 2012 मध्ये मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले जळाले, काही खाती जीटी हॉस्पिटलच्या आवारात गेली. शेजारी बसणाऱ्या खात्यांमध्ये रस्ता आला की काय होतं ते कारकुनाला विचारा. हलवायचं तर मंत्री, सचिव, विधान भवन सगळं एका दमात हलवा. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलंत तर मधल्या मधे शिपायाच्या चपला झिजतील. आणि एका दमात कुठलंही सरकार हलवणार नाही, हे माझं मत लिहून ठेवा.

काळबादेवीकर
आता भुयारी मेट्रो थेट विधान भवन स्टेशनवर सोडते. लांब पडतं हे रडगाणं जुनं झालं!

खाडीपलीकडचा
मेट्रो आरेपासून येते हो, गडचिरोलीपासून नाही. तिथला माणूस रात्र गाडीत काढून सकाळी मुंबईत उतरतो. आंघोळ कुठे करायची इथपासून त्याचा दिवस सुरू होतो. काखेत पिशवी, त्यात अर्जाच्या चार प्रती. त्याच्यासाठी राज्याचं दार पार नकाशाच्या कडेला.

ओव्हलचा शेजारी
बेलापूर गडचिरोलीच्या वेशीवर आहे हे माहीत नव्हतं. त्याला दोन्ही लांबच. त्याचं काम जिल्ह्यातच व्हावं असं म्हणा, लगेच सही करतो.

बाकी, काल टंकलेखक काकांना विचारलं, हायकोर्ट वांद्र्याला गेलं तर काय करणार? म्हणाले, "जाईन की. फक्त तिथे झाड लावलंय का ते बघून या."