मदत हवी आहे: कंदीलपुष्पाचा आतला भाग फूल न तोडता कसा टिपायचा?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात सह्याद्रीच्या कड्यांवर सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्प, फुललेलं असतं. लावी, मॅकॅनी, सह्याद्रिका या ताठ वाढणाऱ्या जाती बाहेरून फार सारख्या दिसतात. खात्रीची ओळख पटते ती नळीच्या फुगीर तळाशी असलेल्या तोरणावरून (कोरोना, म्हणजे फुलाच्या पुनरुत्पादक भागांभोवतीचं कडं). ते बघायला फूल उभं चिरावं लागतं, आणि जिथे पाच-सहाच झाडं उरलीत तिथे एकही फूल चिरायला मन धजत नाही.

सध्याची जुळणी: १०० मिमी मॅक्रो, एफ/११, १/२०० सेकंद, आयएसओ ८००, डिफ्यूझर लावलेला फ्लॅश. एकास-एक आकाराला (सेन्सरवर फूल खऱ्या मापाचं उमटतं तेव्हा) जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे वाऱ्याची साधी झुळूकही फोटो बिघडवते. पाकळ्यांची टोकं वर जुळलेली असल्याने वरून डोकावलं तर फक्त नळीतले खाली वळलेले केस दिसतात. माश्या अडकतात त्या याच केसांमुळे. मागून टॉर्च धरला तर नळी उजळते, पण तोरणाची नुसती सावली येते.

कोणी मोबाईलला जोडायचा बारीक एंडोस्कोप वापरलाय का? त्याची जाडी किती असावी? केस एक-दोन दिवसांत सुकतात, तेव्हा आत पाहणं सोपं जातं का? की आपसूक गळलेलं फूल उचलून चिरावं, आणि तोवर तोरण शाबूत राहतं का?

खोड, पानांची लव, देठ, निदलं यांचे फोटो आहेत. जागा मात्र विचारू नका. कंद उकरले जातात.