शाळेत रोबोटिक्स: सिम्युलेटर पुरे की हातात पान्हा हवाच?

घाटकोपरची_ताई
आठवीच्या वर्गात ६० मुलं, किट ४. म्हणून मी टिंकरकॅडवर, म्हणजे सर्किट जोडून बघायच्या ऑनलाइन सिम्युलेटरवर शिकवते. आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची पाटी), सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) सगळं ब्राउझरमध्ये फुकट. रेझिस्टर (वीजप्रवाह आवरणारा भाग) न लावता एलईडी जोडला की त्यावर स्फोटाची खूण येते. मुलं हसतात, रेझिस्टर लावतात, पुढे जातात. पालक म्हणतात, हा तर व्हिडिओ गेम! मला नाही पटत. तुम्हाला?

लॅमिंग्टन_रोडचा_वारकरी
पालकांचं बरोबर आहे. पडद्यावर दोन्ही मोटरी सारख्या फिरतात. रोबोट गाडीच्या त्या स्वस्त पिवळ्या बीओ मोटरी एकाच पाकिटातल्या घ्या, तोच पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा सिग्नल) द्या, तरी गाडी एका बाजूला ओढणार. मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर मधल्या मध्ये २ व्होल्टच्या आसपास खातो. खिडकीतून ऊन आलं की गाडीला वाट दाखवणारी जमिनीवरची काळी पट्टी आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर हुकवतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. हे सगळं वगळून उरतं काय, नुसतं कोडिंग.

घाटकोपरची_ताई
पण गाडी हातात आली तर ना! ४ किट म्हणजे चार पोरं जोडणार, बाकीचे माना उंचावून बघणार. मुली तर मागच्या मागे.

भांडुपचा_बाबा
"ब्राउझरमध्ये फुकट", पण लॅपटॉप कुणाचा? आमच्याकडे मोबाइल एकच, तो माझ्याबरोबर कामावर येतो. आणि किटचंही कौतुक नको. ओळखीच्या एका शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, केंद्र सरकारची २० लाखांपर्यंत अनुदानाची योजना. थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिक पाहुणे आले की निघतं, गेले की परत चढतं.

पवईकर
बाबा, म्हणूनच शाळेच्या संगणक कक्षात घ्यायचं, घरी नको. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेतही काही थीममध्ये सिम्युलेशनचे टप्पे असतात, ती मुलं काय गेम खेळतात? वारकरीसाहेब, वेबॉट्स हा रोबोट सिम्युलेटर बघा, २०१८ पासून मुक्तस्रोत आहे. सेन्सर किती अंतराला काय आकडा देणार ते सांगणाऱ्या लुकअप टेबलात तिसरा रकाना नॉइजचाच, म्हणजे मापातल्या गडबडीचा असतो. तिथला आकडा वाढवा, गाडी डुलायला लागते.

लॅमिंग्टन_रोडचा_वारकरी
तो बिघाड बाईंनी मोजून घातलेला. जंपर वायर आतून तुटलीय, वरून धडधाकट दिसतेय, हे कुठल्या रकान्यात भरणार? मल्टिमीटर घेऊन तासभर शोधल्याशिवाय ते डोक्यात जात नाही.

घाटकोपरची_ताई
मग तुमच्याकडच्या त्या ओढणाऱ्या मोटरी आणि तुटक्या वायरी टाकू नका, शाळेत आणून द्या. सिम्युलेटरवर पास झालेला कोड त्याच गाडीवर चढवते. मल्टिमीटरही आणा, आमच्याकडचा बंद आहे.