फळं घेताना तुम्ही काय बघता?

बी-३०४ : नमस्कार मंडळी. परवा आठवड्याची सगळी फळं एकदमच आणली. तीन दिवसांत केळी काळी, पपई लिबलिबीत, आणि द्राक्षं मात्र पहिल्या दिवशी आंबट ती आजही आंबटच. टाकून द्यायला जीव होत नाही हो. तुम्ही घेताना काय बघता?

ए-१०२ : केळी फ्रिजमध्ये ठेवली होतीस का गं? १३ अंशांच्या खाली त्यांची साल काळी पडते. सोलून बघ, आतला गर बहुतेक चांगला असेल.

बी-३०४ : हो काकू, फ्रिजमध्येच होती! बघते.

सी-२०१ : ताई, द्राक्षं घरी आणून गोड होत नाहीत. संत्री, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी यांचंही तसंच. तोडताना जेवढी गोडी उतरली असेल तेवढीच. ही फळं ‘पिकतील दोन दिवसांत’ म्हणून घेऊच नयेत. केळी, आंबा, पपई, चिकू, नाशपाती तोडल्यावरही पिकतात. ती मुद्दाम मागेपुढे पिकणारी घ्यायची, थोडी आज खायला, थोडी पाडाला आलेली, थोडी चक्क कच्ची. आमच्याकडे असं सुरू केल्यापासून फळ वाया जाणं जवळजवळ थांबलंय.

डी-४०३ : पण द्राक्षं ताजी आहेत हे कळायचं कसं?

ए-१०२ : घडाचा देठ बघायचा. हिरवा, ताठ असला तर ताजा. तपकिरी होऊन वाळलेला असेल आणि घड हलवला की मणी गळत असतील, तर राहू दे. मण्यांवरची पांढुरकी झाक मात्र पुष्कळदा नैसर्गिक मेणाची असते, तिला घाबरू नये. धुवायची खायच्या वेळी, आधी नाही. आणि कलिंगड उलटं करून बघा. जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा हवा, पांढरा असेल तर घाईने तोडलंय.

सी-२०१ : अगदी! संत्र्यांत मी रंग बघतच नाही, हिरवट सालीचंही गोड निघतं. सारख्या आकाराची दोन हातात घेतो, जड लागेल ते रसाळ.

डी-४०३ : सफरचंदं तर बाराही महिने मिळतात, ती कधीही घ्यावीत ना?

सी-२०१ : मिळतात, पण हंगाम काही बारा महिने नसतो. ऑक्सिजन कमी केलेल्या शीतगृहात ती कित्येक महिने टिकवतात. त्यात वाईट काही नाही, फक्त बाहेर आल्यावर ती लवकर मऊ पडू शकतात. म्हणून हंगाम सरला की मी चार-पाचच घेतो. हंगामात, आवक भरपूर असताना, मात्र हात आखडत नाही. जास्तीची फळं कापून ताटात सुटी गोठवायची आणि मग डब्यात भरायची, म्हणजे गोळा होत नाही.

बी-३०४ : दादा, माझी पपई सफरचंदांच्याच टोपलीत होती.

सी-२०१ : तिथेच गडबड झाली. पिकणारी सफरचंदं इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारचं फळ भराभर पिकतं. कच्ची नाशपाती लवकर हवी असेल तेव्हा हेच मुद्दाम करा, कागदी पिशवीत सोबत एक सफरचंद ठेवा.

बी-३०४ : आत्ताच वेगळी केली. केळी खरंच आतून चांगली निघाली काकू! पपईचं काय करू?

ए-१०२ : आंबूस वास किंवा बुरशी असेल तर टाक. नसेल तर गर काढून आजच्या आज गोठव.