बायपासच्या नव्या मॉलमध्ये ऑल्टरेशनचा किऑस्क घ्यावा का?

सुईदोरा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामा नगरमध्ये घरीच पिको-फॉल आणि ऑल्टरेशन करते, चौदा वर्षं झाली. सीतलामाता बाजारातल्या दोन साडीवाल्यांचं फॉलचं काम कायम माझ्याकडेच असतं. आता बायपासकडे जो नवा मॉल उघडायचाय ना, तिथल्या लीजिंगवाल्याचा फोन आला की रेडिमेडची दुकानं भरपूर येतायत, पॅन्टची लांबी, कुर्त्याची फिटिंग तिथल्या तिथे करून देणारं कोणीतरी हवंय, तुम्ही पहिल्या मजल्यावर 60 फुटांचा किऑस्क घ्या. भाडं 25,000, मेंटेनन्स 6,000, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर्षभर सोडायचं नाही. परवा बघून आले, बाहेर मोठा बोर्ड लागलाय पण आत सरकत्या जिन्याला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं आणि सगळीकडे पीओपीची धूळ. मन खूप होतंय, मुलगी नोकरीला लागली, हात चालतायत तोवर घराबाहेर पडून काहीतरी करावं असं वाटतं, पण आकडे बघितले की धीर होत नाही. कोणी मॉलमध्ये धंदा केलाय का?

हिशोबनीस_लोकमान्यनगर
ताई, त्या 31,000 वर 18 टक्के जीएसटी लागेल हे त्यांनी सांगितलं का? 5,580 होतात, म्हणजे हातातून जाणार 36,580. तुमचं काम सेवेत मोडतं, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी नसली तरी चालतं, पण मग भाड्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चच धरायचा. एका जीन्सचे 150 घेतले तरी नुसतं भाडं निघायला महिन्याला 244 जीन्स, रोजच्या आठ, एकही सुट्टी न घेता. वीज, दोरा, मदतीला ठेवाल त्या मुलीचा पगार, सुदामा नगरहून बायपासपर्यंत रोजचं पेट्रोल, हे सगळं त्याच्या वर.

बायपास_इंटिरियरवाला
मी मॉलमधल्या दुकानांचं आतलं काम करतो. ताई, लाइटचं आधी विचारा, किऑस्कला किती किलोवॅटचा लोड देणार ते. दोन मशीन, कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक आणि स्टीम प्रेस एकदम लावली तर किऑस्कचं साधं कनेक्शन ट्रिप होतं. आणि उद्घाटनाच्या तारखेवर अजिबात विसंबू नका, फायरची एनओसी अडकली की सगळंच पुढे जातं, आणि मॉल उघडल्यावरही आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये रात्रभर फरशी-प्लायचं कटिंग चालूच असतं, सगळीकडे धूळ. लोकांचे पांढरे कपडे सांभाळायचेत तुम्हाला.

पूर्वी_किऑस्कवाली
सुईदोरा ताई, मी हे भोगलंय म्हणून कळकळीने लिहिते. दुसऱ्या शहरात एका नव्या मॉलमध्ये मेंदी आणि बांगड्यांचा किऑस्क घेतला होता. उघडला तेव्हा खाली एक सुपरमार्केट, वर चपलांचं एक दुकान, बाकी सगळे गाळे बोर्ड लावून झाकलेले आणि त्यावर 'लवकरच येत आहे'. थिएटर सात महिन्यांनी सुरू झालं. भाडं मात्र करारावर सही केली त्या दिवसापासून. सुपरमार्केटला आलेली बाई भाजी घेऊन सरळ पार्किंगला जाते हो, वर येतच नाही. मोठी दुकानं गर्दी खेचतात म्हणून त्यांना जागा स्वस्तात देतात आणि फुटामागे सगळ्यात जास्त आपण छोटे भरतो, हे मला डिपॉझिट बुडाल्यावर कळलं.

म्हणून तुम्ही करारात लिहूनच घ्या की भाडं मॉल उघडल्यापासून सुरू, आणि पहिले सहा महिने विक्रीच्या टक्केवारीवर. तोंडी कबूल केलेलं काही धरू नका, तो लीजिंगवाला मुलगा सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असतो. वर्षाची अट काढा, नाहीतर निदान दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता यायला हवं.

आणि एक सांगू? तुमचं गिऱ्हाईक मॉलमध्ये फिरणारा माणूस नाहीच, तुमचं गिऱ्हाईक ती दुकानं आहेत. बरीच ब्रँडवाली दुकानं ऑल्टरेशन फुकट करून देतात आणि टेलरला नगावर पैसे देतात. आत्ता त्यांचे मॅनेजर तिथेच माल लावत बसलेत, त्यांना गाठा. रोज एक फेरी, कपडे घेऊन यायचे, दुसऱ्या दिवशी द्यायचे, मशीन घरीच राहील. हे जमलं की मग किऑस्कचं बघा.

सुईदोरा_सुदामानगर
सगळ्यांचे मनापासून आभार. जीएसटीचं त्याने सांगितलंच नव्हतं, विचारलं तर म्हणाला "वो तो लगेगा ही मॅडम". भाडं उघडल्यापासून धरा आणि वर्षाची अट काढा असं लेखी पाठवलंय, वर विचारून सांगतो म्हणाला.

आज दुपारी जाऊन दोन दुकानांच्या मॅनेजरांना भेटले. एकाने नगाचा भाव विचारला, दुसऱ्याने नमुना म्हणून एक जीन्सच हातात दिली, दीड इंच कमी करा पण खालची कंपनीची दुमड तशीच दिसली पाहिजे म्हणून. जाड शिवण आहे, 16 नंबरची सुई लावलीय, दुमडीला अगदी चिकटून टीप मारायची, जादाचं कापून ओव्हरलॉक करायचं आणि वरून प्रेस, की जोड दिसत नाही. उद्या अकराला नेऊन द्यायचीय.