लिनक्स टेम्पलेटवरून काढलेल्या सर्व व्हीएमना एकच आयपी पत्ता का मिळतो?

प्रश्न

नमस्कार. आमच्या विभागासाठी केव्हीएमवर (लिनक्सवर आभासी मशीन चालवणारी यंत्रणा) एक छोटा खासगी क्लाउड उभारला असून, वारंवार लागणाऱ्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरसाठी एक टेम्पलेट, म्हणजे प्रती काढण्यासाठीचा नमुना, तयार केले आहे. आयएसओवरून (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) नेहमीप्रमाणे इन्स्टॉलेशन केले, पॅकेजेस अद्ययावत केली, क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची सेटिंग्ज करणारे साधन) असल्याची खात्री केली आणि व्हीएम (आभासी मशीन) बंद करून तिचे टेम्पलेटमध्ये रूपांतर केले. आता क्लोन (टेम्पलेटच्या प्रती) काढताना दोन अडचणी येत आहेत. प्रत्येक क्लोनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) वेगळा असूनही डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते आपोआप वाटणारा) सर्वांना एकच आयपी पत्ता देतो, आणि दुसरा क्लोन सुरू झाला की पहिल्यावरचे एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) सेशन अडकते. शिवाय क्लोन काढताना दिलेले होस्टनेम (मशीनचे नाव) आणि लॉगिनची सार्वजनिक की आत पोहोचतच नाहीत. नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांच्या मते डीएचसीपी सर्व्हरमध्ये काहीही दोष नाही. तसे असेल तर टेम्पलेटमध्ये नेमके काय चुकते आहे, आणि ते बंद करण्यापूर्वी आणखी काय काय पुसून टाकायला हवे?

उत्तर १

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कचे काम सिस्टमडी-नेटवर्कडी (सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडी प्रणालीचा भाग) पाहते, आणि डीएचसीपीकडे पत्ता मागताना ते मॅक पत्त्याऐवजी ईटीसी (सेटिंग्जच्या) डिरेक्टरीतील मशीन-आयडी या फाइलवरून तयार केलेली ओळख पाठवते. टेम्पलेटमध्ये ही ३२ अक्षरांची ओळख एकदा लिहिली गेली की प्रत्येक क्लोन तीच घेऊन जन्माला येतो, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने ती सर्व एकच मशीन ठरते. दोन क्लोनवरील ही फाइल शेजारी शेजारी उघडून पाहिल्यास लगेच खात्री पटेल.

उपाय म्हणजे टेम्पलेट बंद करण्यापूर्वी ही फाइल शून्य बाइटची करणे. ती पूर्णपणे काढून टाकू नये, कारण ईटीसी डिरेक्टरी त्या क्षणी केवळ वाचण्यायोग्य असेल तर सिस्टमडीला नवी फाइल तयार करता येत नाही. रिकामी फाइल असली की निदान तिच्यावर तात्पुरती ओळख चढवता येते. डीबसच्या (प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी यंत्रणा) डिरेक्टरीतही याच नावाची फाइल असते, ती मूळ फाइलकडे निर्देश करणारी सिमलिंक आहे ना, हे पाहावे. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूचे नेटवर्क सेटिंग्जचे साधन) डीएचसीपीची ओळख मॅक पत्त्यावर ठरवण्याची सोय आहे, पण तो वरवरचा इलाज झाला. जर्नलसह (सिस्टमच्या नोंदी) इतर अनेक घटक हीच मशीन-आयडी वापरतात.

दुसऱ्या अडचणीचे मूळ बहुधा इन्स्टॉलरमध्ये आहे. आयएसओवरून इन्स्टॉलेशन केल्यावर क्लाउड-इनिटच्या कॉन्फिगरेशन डिरेक्टरीत ९९-इन्स्टॉलर नावाची एक फाइल राहते, आणि तिच्यात माहितीचा स्रोत 'काहीही नाही' असा ठरवलेला असतो. त्यामुळे आपण बाहेरून काहीही दिले तरी क्लाउड-इनिट तिकडे पाहतच नाही. ही फाइल आणि नेटवर्क कॉन्फिगरेशन अडवणारी तिच्या शेजारची फाइल काढावी, मग लॉगसह क्लाउड-इनिट क्लीन चालवावे. नव्या आवृत्त्यांत क्लीन हा आदेश या फाइलीही काढतो, तरी डिरेक्टरी एकदा डोळ्यांखालून घातलेली बरी.

उत्तर २

वरील उत्तरात भर घालतो. एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या की) विसरू नका. सर्व क्लोनवर एकच की असेल तर कोणत्याही एका क्लोनवर रूट अधिकार असलेली व्यक्ती दुसऱ्या क्लोनचे सोंग घेऊ शकते आणि जोडणाऱ्याला कसलीही सूचना दिसत नाही. येथे डिस्ट्रोनुसार (लिनक्सच्या प्रकारानुसार) फरक पडतो. रेड हॅट कुळात की नसल्यास सेवा सुरू होताना त्या आपोआप तयार होतात. डेबियन व उबुंटूमध्ये मात्र त्या पॅकेज बसवताना तयार होतात, म्हणून तेथे हे काम क्लाउड-इनिटवर सोपवावे लागते. क्लाउड-इनिट नसलेल्या डेबियन टेम्पलेटमधून की पुसल्या, तर एसएसएच सुरूच होणार नाही आणि कन्सोलवरून आत शिरावे लागेल.

क्वचित आठवणारी, पण महागात पडू शकणारी गोष्ट म्हणजे आयस्कझीच्या (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याची पद्धत) इनिशिएटरचे, म्हणजे जोडणाऱ्या मशीनचे, नाव. दोन मशीन एकाच नावाने स्टोरेजला जोडल्या, तर स्टोरेजला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि एकाचा लन (स्टोरेजवर दिलेली डिस्क) दुसऱ्याला दिसू लागतो. रँडम सीडची (यादृच्छिक आकड्यांसाठीच्या बीजाची) फाइल, जुने जर्नल, शेलचा (टाइप केलेल्या आदेशांचा) इतिहास आणि डीएचसीपीच्या लीज फाइली (मिळालेल्या पत्त्यांच्या नोंदी) हे सर्व वर्ट-सिसप्रेप हे साधन पुसून देते. मात्र ते बंद असलेल्या व्हीएमच्या डिस्कवरच चालवावे. चालू व्हीएमवर वापरल्यास डिस्कवरील माहिती खराब होऊ शकते.

उत्तर ३

मी थोडे वेगळे मत मांडतो. हाताने इन्स्टॉल केलेली मशीन पुसत बसण्यापेक्षा ती मुळात स्वच्छच घ्यावी. उबुंटू, डेबियन आणि इतर प्रमुख डिस्ट्रो तयार क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉलेशन केलेल्या डिस्कची प्रत) प्रसिद्ध करतात. त्यांत होस्ट की नसतात, क्लाउड-इनिट असते आणि पहिल्या बूटला रूट विभाजन उरलेल्या डिस्कभर आपोआप वाढते. हाताने इन्स्टॉलेशन करताना रूटच्या पुढे स्वॅपचे (मेमरीला पूरक जागेचे) विभाजन ठेवले की ही वाढ तेथेच अडते. आपल्याला हवी ती पॅकेजेस पॅकर किंवा वर्ट-कस्टमाइझ या इमेज बनवणाऱ्या साधनाने घालावीत, ती स्क्रिप्ट गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) ठेवावी, आणि दर महिन्याला इमेज नव्याने बांधून तिच्या नावात तारीख घालावी. टेम्पलेट उघडून, अपडेट करून पुन्हा बंद करण्याची सवय लागली की काही महिन्यांनी त्यात नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वर्ट-कस्टमाइझच्या काही आवृत्त्या रिकामी मशीन-आयडी पाहून स्वतःच तिच्यात नवी ओळख लिहितात, म्हणजे आपण सुरुवातीच्याच अडचणीत परत येतो. त्यामुळे ती फाइल रिकामी करण्याची पायरी अगदी शेवटी ठेवावी.

एकाच टेम्पलेटच्या क्लोनमध्ये फाइल सिस्टमचा यूयूआयडीही (एकमेव असायला हवा असा ओळख क्रमांक) सारखाच असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण बंद पडलेल्या क्लोनची डिस्क दुरुस्तीसाठी दुसऱ्या क्लोनला जोडल्यास एक्सएफएस ही फाइल सिस्टम ती माउंट करण्यास (वापरासाठी जोडण्यास) नकार देते. तेव्हा नो-यूयूआयडी हा पर्याय द्यावा. एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) असेल तर व्हीजी-इम्पोर्ट-क्लोन हा आदेश वापरावा. दुरुस्तीसाठी वेगळ्या इमेजची एक मशीन ठेवणे त्याहून सोपे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ९९-इन्स्टॉलर ही फाइल खरोखरच होती. ती काढल्यावर होस्टनेम व की आत पोहोचू लागल्या, आणि मशीन-आयडी रिकामी केल्यावर नव्या क्लोनना वेगवेगळे पत्तेही मिळाले. पुढची इमेज उत्तर ३ मधील पद्धतीनेच बांधू. पण जुन्या टेम्पलेटवरून काढलेल्या ज्या मशीन स्थिर पत्ते देऊन वापरात आणल्या आहेत, त्यांची मशीन-आयडी आता बदलता येईल का?

उत्तर १

येईल, परंतु दोन ठिकाणी अडखळण्याची शक्यता आहे. फाइल काढून सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप हा आदेश चालवल्यावर तो आधी डीबसच्या फाइलकडे पाहते; ती सिमलिंक नसून वेगळी फाइल असेल तर जुनीच ओळख तिच्यातून परत येते. म्हणून दोन्ही फाइली काढाव्यात, आदेश चालवावा, डीबसची सिमलिंक पुन्हा तयार करावी आणि मग मशीन रीबूट करावी. दुसरे असे, की केव्हीएममध्ये हा आदेश व्हीएमला बाहेरून दिलेल्या यूयूआयडीवरूनच नवी ओळख बनवतो. क्लोन काढण्याच्या सोयीने काढलेल्या व्हीएमना तो वेगवेगळा मिळतो, पण कोणी व्हीएमच्या व्याख्येची फाइल जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टवर नेली असेल तर तेथेही तोच यूयूआयडी असेल, आणि कितीही वेळा पुसले तरी ओळख सारखीच येईल. आधी तो तपासावा.

बदलानंतर जर्नल नव्या ओळखीच्या डिरेक्टरीत लिहिले जाते, त्यामुळे जुन्या नोंदी जर्नलसीटीएलमध्ये (जर्नल दाखवणारा आदेश) एकदम दिसेनाशा होतात. त्या डिस्कवर शाबूत असतात; मर्ज हा पर्याय दिल्यास दिसतात. होस्ट कीही याच वेळी बदलून घ्याव्यात आणि वापरकर्त्यांना आधी कळवावे, कारण पुढच्या जोडणीला प्रत्येकाच्या पडद्यावर की बदलल्याचा इशारा येईल.