मदत हवी आहे: हुकूमशाहीकडचा कल मोजायचे प्रश्न मराठीत कसे विचारावेत?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या (राज्यशास्त्र) प्रकल्पासाठी मदत हवी आहे. हुकूमशाहीकडे झुकणारं व्यक्तिमत्त्व मोजायला जर्मन विचारवंत अडॉर्नो आणि अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५० साली मांडलेली ‘एफ’ (फॅसिझम) मोजपट्टी वाचली. तिच्यातली विधानं एकाच दिशेची, कुठल्याही विधानाला ‘सहमत’ म्हटलं की हुकूमशाहीकडचा कल वाढलेला दिसतो; म्हणजे ज्याला कशालाही मान डोलवायची सवय तो आपोआप हुकूमशाहीवादी! कॅनडातले मानसशास्त्रज्ञ बॉब आल्टेमेयर यांनी पुढे उलट विधानं घालून हा दोष कमी केला. इथवर ठीक.

अडलंय ते वेगळीकडेच. आज्ञापालन आणि अधिकाराचा मान हे मुलांनी शिकायचे सर्वांत महत्त्वाचे गुण, अशा अर्थाचं एक विधान ‘एफ’ मोजपट्टीत आहे. आमच्या गावात ग्रामसभेत सरपंचाला धारेवर धरणारी आजीसुद्धा यावर ‘हो, मग?’ म्हणेल. ती कुठल्या कोनातून हुकूमशाहीवादी?

अमेरिकेतल्या निवडणूक सर्वेक्षणात १९९२ पासून हाच कल मोजायला मूल आज्ञाधारक हवं की स्वावलंबी, यातलं एकच निवडायला लावतात. असं इकडे कुणी विचारून पाहिलंय का? घरातला आदर आणि सत्तेपुढची लाचारी वेगळी काढणारे दोन-चार प्रश्न सुचवाल का? खेड्यात सर्वेक्षण केलेल्यांनी तर नक्की लिहा.