झेडपी शाळेत तिसरीच्या गणिताची सरासरी घसरली, शाळा बदलू का?

हर्णैचा_बाबा
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीवरच्या झेडपी शाळेत मुलगी तिसरीला आहे. पहिली ते पाचवी मिळून पट अठरा, गुरुजी दोन, तिसरीत पोरं चारच. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला संकलित चाचणी १ चे मार्क वाचून दाखवले, भाषा ठीक, पण गणितात वर्गाची सरासरी पायाभूतपेक्षा बरीच खाली. झालं, तेवढ्यावरून दोन पालकांनी तिथल्या तिथे ठरवलं की जूनपासून पोरं दापोलीला इंग्लिश मीडियमला टाकायची, व्हॅन पण बघून ठेवलीय आणि तिसरं पोर असलं की भाडं परवडतं म्हणून माझ्या मागे लागलेत. बायको म्हणते ते दोघं गेले तर वर्गात उरणार दोन, मग हिने तिथे एकटीने काय करायचं. मला त्या मार्कांतलं ओ की ठो कळत नाही. ही चाचणी नक्की कसली? आणि कोकण दहावीला दरवर्षी राज्यात पहिलं येतं ना, मग तिसरीला काय होतं?

कुडाळ_मास्तर
मी स्वतः झेडपीत आहे, बाजू घेतोय म्हणाल तर म्हणा. पेपर पुण्याहून एससीईआरटीचे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे येतात, राज्यभर तेच. विषय तीन, मराठी, गणित, इंग्रजी. वर्षात तीन वेळा, पायाभूत, संकलित १, संकलित २. तपासायचे वर्गशिक्षकानेच, उत्तरसूची बघून, आणि मार्क मोबाईलवर चॅटबॉटमध्ये भरायचे (रेंज असेल तर, नाहीतर सड्यावर चढा).

आता मुद्द्याचं. पायाभूत असते मागच्या इयत्तेवर, म्हणजे तुमच्या मुलीची ती दुसरीच्या अभ्यासावर झाली. संकलित १ तिसरीवर, तीन अंकी संख्या वगैरे. दोन्हींची तुलना करून घसरलं म्हणणं हेच मुळात चूक. दुसरं म्हणजे वर्गात पोरं चार. तीस मार्कांचा पेपर धरा आणि चौघांना २४, २२, २१, २० पडलेत असं धरा, सरासरी साडेबहात्तर टक्के. आता शेवटचा पोरगा तापातून उठून आला आणि त्याला ४ पडले, तर तीच सरासरी एकोणसाठवर येते. बाकी तिघांचा एक मार्क इकडचा तिकडे नाही! साठ पोरांच्या वर्गात असं एक पोर कुठल्या कुठे मुरून जातं, आपल्याकडे वाडीवाडीच्या शाळेत सगळा निकाल फिरवतं. सरासरी सोडा आणि मुलीची उत्तरपत्रिका बघायला मागा, गुरुजी नाही म्हणणार नाहीत.

दहावीचं म्हणाल तर कोकण मंडळ २०१२ पासून पहिलंच आहे, २०२५ ला ९८.८२ टक्के. पण तो आकडा पास किती झाले याचा, तिसरीतल्या पोराला वजाबाकी येते का ते त्यात कुठून दिसणार.

डोंबिवलीचा_चाकरमानी
मास्तर, राग मानू नका, पण स्वतःच शिकवायचं, स्वतःच तपासायचं, स्वतःच मार्क भरायचे, त्यात पेपर उत्तरांसकट यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या आलेल्या. त्या मार्कांवर कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा केंद्राचं सर्वेक्षण बघा की. आणि पाचवीला आता नापास करतात, ढकलगाडी बंद झालीय, तेव्हा उशीर करू नका.

कुडाळ_मास्तर
यूट्यूबचं खरं आहे, आम्हालाही त्याचा वैताग आहे. पण केंद्राचं ते परख सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं ते तिसरी, सहावी, नववीचं आणि निवडक शाळांत. त्यातून जिल्हा कुठे आहे ते कळतं, ह्यांची पोरगी कुठे आहे ते नाही. आणि पाचवीला थेट नापास नाही, आधी पुरवणी परीक्षा असते.

मालवणातली_आवस
घरीच बघा ना. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा पोरीला मोठ्याने वाचायला द्या, मग हातच्याची वजाबाकी घाला. ते असर नावाचं शिक्षणाचं सर्वेक्षण करणारे घरोघर येऊन साधारण हेच करतात. माझ्या मुलाचं आम्हाला तसंच कळलं, त्याला सगळं यायचं पण स्कॉलरशिपच्या सरावात एक प्रश्न सोडला आणि ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल मात्र ओळीने भरत गेला, तिथून पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकली. मार्क बघून शेजारीण म्हणे पोर मठ्ठ. आणि व्हॅनीचा काय ता आधी बघा, जावक एक तास, येवक एक तास, मगे चेडवान अभ्यास करूचो कधी?

हर्णैचा_बाबा
आज शाळेत जाऊन पेपर बघितला. नुसती मांडलेली वजाबाकी-बेरीज सगळी बरोबर, आणि शाब्दिक उदाहरणं कोरी. चुकलेली नाहीत, कोरी. एक होतं, वाचनालयात ३२५ पुस्तकं, ११८ वाटली, किती उरली, असं काहीसं. घरी येऊन मी ते नुसतं वाचून दाखवलं तर पोरीने बोटं मोडत २०७ सांगितलं. मग पेपरात का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणे एवढं लांब कोण वाचणार. आता हे गणित की मराठी?

कुडाळ_मास्तर
वाचन. अक्षरं लावून लावून वाचते, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून सोडून देते. शाळा बदलून लगेच इंग्रजीत तेच उदाहरण आलं तर काय होईल त्याचा विचार करा. रोज दोन उदाहरणं तिलाच मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही वाचून दाखवू नका, आणि ‘काय विचारलंय’ ते आधी तिच्या शब्दांत सांगायला लावा, मग पेन्सिल. दोन दिवसांआड तिलाच उदाहरण रचू द्या, हर्णै बंदरावर लिलाव चालतो तिथले आकडे घ्या, पोरं त्यात रमतात. गुरुजींनाही सांगा, दोन शिक्षकांत पाच वर्ग म्हणजे त्यांच्या नजरेतून सुटू शकतं. स्कॉलरशिप आता परत चौथीला आणलीय, दीड तासात ७५ प्रश्न, तिथे वाचनाचा वेग नसेल तर गणित येऊन उपयोग नाही.

हर्णैचा_बाबा
बरं. व्हॅनवाल्यांना थांबा म्हटलंय. तुमच्या पोरांचे पेपर बघितलेत का विचारलं तर दोघांनीही नाही म्हटलं, उद्या तिघं मिळून जातोय शाळेत. स्कॉलरशिपची पुस्तकं आत्ताच घेऊन ठेवू की मे महिन्यात?

मालवणातली_आवस
जूनला घ्या ओ. मे महिन्यात आंबे सोडून कोण बसतंय पुस्तक घेऊन!